दारावर ताबा नोटीस लागल्यानंतर उरलेले दिवस

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. पिंपरी-चिंचवडमधील एका गृहस्थांनी २०१८ मध्ये सदनिकेसाठी ३२ लाख रुपयांचे गृहकर्ज घेतले. नोकरी गेल्यानंतर चार हप्ते थकले. पुढे नवी नोकरी लागल्यावर त्यांनी तीन हप्ते भरले, तरीही बँकेने खाते अनुत्पादक, म्हणजे एनपीए, ठरवलेलेच ठेवले. ६० दिवसांची मागणी नोटीस ते पूर्वी भाड्याने राहत असलेल्या घराच्या पत्त्यावर गेली आणि जुन्या घरमालकांनी कळवले तेव्हा तिला महिना होऊन गेला होता. त्यांनी शाखेतील ओळखीच्या अधिकाऱ्याला ईमेलने हरकत कळवली, तिला उत्तर आले नाही. आता १९ दिवसांपूर्वी दारावर ताबा नोटीस चिकटवली गेली आहे. घरात वृद्ध आई आणि शाळेत जाणारी दोन मुले आहेत. ही कारवाई चुकीची आहे, तर दाद कुठे मागायची, असा त्यांचा प्रश्न आहे.

कर्जवसुली न्यायाधिकरणात मी बराच काळ कर्जदारांच्या बाजूने आणि काही वर्षे बँकांच्याही बाजूने काम केले आहे. त्या अनुभवावरून सर्वांत आधी एकच गोष्ट सांगतो: आपल्याकडे २६ दिवस आहेत. ज्या कायद्याखाली ही कारवाई झाली, त्या २००२ च्या सरफेसी कायद्याच्या कलम १७ नुसार ताब्याचे पाऊल उचलल्यापासून ४५ दिवसांच्या आत न्यायाधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. नोटीस दारावर लागल्यानंतर बहुतेक कुटुंबे हे दिवस शाखेच्या फेऱ्यांत, ओळखी काढण्यात आणि ‘साहेबांशी बोलणे झाले आहे’ या दिलाशात घालवतात. त्या फेऱ्यांमुळे मुदत थांबत नाही. तडजोडीची बोलणी अवश्य करावीत. परंतु ती अर्ज दाखल करण्याच्या तयारीबरोबरच चालली पाहिजेत, अर्जाच्या जागी नव्हे.

हा कायदा मुळात बँकेला न्यायालयात न जाता गहाण मालमत्ता ताब्यात घेऊन विकण्याचा अधिकार देतो, आणि म्हणूनच त्यातील प्रत्येक पायरी काटेकोरपणे पाळण्याचे बंधनही बँकेवर आहे. खाते एनपीए झाल्यावर कलम १३(२) खाली ६० दिवसांची मागणी नोटीस, त्या काळात कर्जदाराने हरकत घेतल्यास कलम १३(३अ) खाली १५ दिवसांत कारणांसह उत्तर, ६० दिवस संपल्यावर कलम १३(४) खाली ताबा, ताबा नोटीस दारावर लावून ७ दिवसांच्या आत दोन प्रमुख वृत्तपत्रांत, त्यांपैकी एका स्थानिक भाषेतील वृत्तपत्रात, प्रसिद्धी, मग मान्यताप्राप्त मूल्यांककाकडून मूल्यांकन, राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली लिलावात विक्री होत नाही ती किंमत, विक्रीची ३० दिवसांची नोटीस आणि शेवटी लिलाव, असा हा क्रम आहे. कारवाई ‘चुकीची’ आहे असे म्हणताना या साखळीतील नेमकी कोणती कडी तुटली आहे हे दाखवावे लागते. नोकरी गेली, आजारपण आले, हेतू प्रामाणिक होता, या गोष्टी खऱ्या असतात आणि तडजोडीच्या टेबलावर त्यांना वजनही असते. मात्र न्यायाधिकरण कलम १७ खाली तपासते ते बँकेचे पाऊल कायद्यानुसार पडले की नाही एवढेच.

आता आपल्या मुद्द्यांकडे येतो, आणि येथे मला काही अप्रिय गोष्टी स्पष्टपणे सांगाव्या लागतील, कारण कच्च्या मुद्द्यावर उभा केलेला अर्ज पहिल्याच सुनावणीत कोसळतो. हप्ता ९० दिवसांपेक्षा अधिक काळ थकला की खाते एनपीए होते. त्यानंतर काही हप्ते भरले म्हणजे खाते पुन्हा नियमित झाले, असा समज सर्वत्र आढळतो. रिझर्व्ह बँकेने १२ नोव्हेंबर २०२१ च्या परिपत्रकात स्पष्ट केले आहे की एकदा एनपीए झालेले खाते व्याज आणि मुद्दल यांची संपूर्ण थकबाकी भरल्यावरच नियमित गणले जाईल. चारांपैकी तीन हप्ते भरले आणि त्या काळात नवे हप्तेही थकत राहिले असतील, तर एनपीए वर्गीकरणावरचा आपला आक्षेप दुर्बळ आहे. मात्र एनपीए ठरवल्याची जी तारीख नोटिशीत दिली आहे, त्या तारखेला खरोखर ९० दिवस उलटले होते का, हे खातेउताऱ्यावरून दिवस मोजून पाहावे. ईसीएसने, म्हणजे बचत खात्यातून आपोआप, गेलेला हप्ता कर्जखात्यात जमाच झालेला नाही, किंवा भरलेल्या रकमेतून आधी दंड वळता करून घेतल्यामुळे हप्ता अपुरा राहिला, अशी प्रकरणे मी पाहिली आहेत. रिझर्व्ह बँकेच्या १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने व्याजदरात दंड मिसळण्यास मनाई केली आहे. दंड आकारायचा तर तो वेगळे शुल्क म्हणून आकारावा लागतो आणि त्या शुल्कावर पुढे व्याज लावता येत नाही. हिशेबातील फरक एखाद्या हजार रुपयांचा असेल तर केवळ त्यामुळे नोटीस सहसा रद्द होत नाही. ज्या तारखेला खाते एनपीए म्हटले त्या तारखेला ते एनपीए नव्हतेच, असे हिशेबातून सिद्ध झाले, तर मात्र पुढील सर्व कारवाईचा पायाच निखळतो.

नोटीस जुन्या पत्त्यावर गेली, हा मुद्दा आपल्याला सर्वांत भक्कम वाटत असावा. पत्ता बदलल्याचे बँकेला लेखी कळवले होते का आणि त्याची पोच आहे का, यावर तो अवलंबून आहे. त्यातही, गहाण ठेवलेली सदनिका हाच आपला राहता पत्ता असल्याचे बँकेच्या मूल्यांकन अहवालात किंवा विमा पॉलिसीत नमूद असेल, तर त्या पत्त्यावर टपाल न पाठवता जुन्या पत्त्यावरच का पाठवले, हा प्रश्न रास्त ठरतो. पण आपण ६० दिवसांच्या आत हरकत पाठवली, याचा अर्थ नोटीस आपल्याला कळली होती, असे बँकेचे वकील म्हणतील आणि त्यात तथ्य आहे. म्हणून हा मुद्दा अर्जात अवश्य घ्यावा, परंतु संपूर्ण अर्ज त्यावर टेकवू नये. पत्नी सहकर्जदार असतील, तर त्यांना स्वतंत्र नोटीस बजावली गेली का, हेही पाहावे.

माझ्या मते आपला अधिक गंभीर मुद्दा हरकतीला उत्तर न देण्याचा आहे. कलम १३(३अ) हे सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या मार्डिया केमिकल्स निकालानंतर कायद्यात आले. कर्जदाराचे म्हणणे ऐकल्याशिवाय घर घेतले जाऊ नये, ही त्यामागची भूमिका आहे. याच निकालाने अर्ज ऐकण्यासाठी ७५ टक्के रक्कम आधी भरण्याची अटही रद्द केली, त्यामुळे आज कलम १७ चा अर्ज दाखल करताना थकबाकीचा कोणताही हिस्सा आगाऊ भरावा लागत नाही. गोव्यातील एका मोठ्या हॉटेलाच्या प्रकरणात, म्हणजे आयटीसी विरुद्ध ब्लू कोस्ट हॉटेल्स या २०१८ च्या निकालात, सर्वोच्च न्यायालयाने हरकतीला कारणांसह उत्तर देणे बंधनकारक आहे असे सांगितले. त्याच निकालात, कर्जदाराला बोलणी करण्यासाठी वारंवार संधी दिली गेली असल्यामुळे केवळ उत्तर न दिल्याने कारवाई रद्द झाली नाही, हेही लक्षात ठेवावे. आपल्या बाबतीत अडचण अशी की ईमेल नोटिशीवर सही करणाऱ्या प्राधिकृत अधिकाऱ्याला न जाता शाखेतील ओळखीच्या माणसाला गेला. तो अधिकारी त्याच शाखेचा असेल आणि ईमेल बँकेच्या अधिकृत पत्त्यावर असेल, तर हरकत बँकेला मिळाली असे ठामपणे मांडता येते. ज्यांच्या हातात आज फक्त मागणी नोटीस आहे, त्यांनी यातून एवढेच घ्यावे की हरकत नोंदणीकृत टपालाने, नोटिशीवरील प्राधिकृत अधिकाऱ्याच्या नावे, मुद्देसूद आणि कागद जोडून पाठवावी. ती या संपूर्ण प्रक्रियेतील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित संधी आहे.

याशिवाय वकिलांनी दोन गोष्टी तपासल्याच पाहिजेत. २४ जानेवारी २०२० पासून लागू झालेल्या कलम २६ड नुसार, गहाणाची नोंद केंद्रीय नोंदवहीत, म्हणजे सेरसाईमध्ये, केलेली नसेल तर बँकेला या कायद्याखाली ताब्याचे अधिकार वापरता येत नाहीत. ही नोंद संकेतस्थळावर शुल्क भरून शोधता येते. दुसरे, मुद्दल आणि व्याज मिळून जी रक्कम होते तिच्या २० टक्क्यांपेक्षा कमी येणे शिल्लक असेल, तर कलम ३१ मुळे हा कायदाच लागू होत नाही. त्याच कलमात शेतजमिनीलाही संरक्षण आहे, परंतु सातबाऱ्यावर ‘शेती’ लिहिलेले असणे एवढे पुरेसे नसून जमीन प्रत्यक्षात कसली जात असल्याचे कर्जदाराने दाखवावे लागते. कर्ज बँकेऐवजी बिगर-बँकिंग वित्त कंपनीचे असेल, तर २० लाख रुपयांपेक्षा लहान कर्जासाठी तिला हा मार्ग वापरता येत नाही; गृहवित्त कंपन्यांना मात्र ही मर्यादा नाही.

अर्ज पुण्याच्या कर्जवसुली न्यायाधिकरणात दाखल होईल, कारण मालमत्ता आणि कर्जखाते दोन्ही त्याच क्षेत्रातील आहेत. ताबा अजून कागदोपत्री आहे, कुटुंब घरातच राहत आहे, म्हणून अर्ज अकाली ठरेल असे कोणी सांगत असेल तर ते चूक आहे. सांकेतिक ताब्यालाही आव्हान देता येते हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हिंडन फोर्ज प्रकरणात निश्चित केले आहे. शुल्क थकबाकीच्या रकमेनुसार ठरते. अर्जासोबत स्थगितीचा स्वतंत्र अर्ज आणि शपथपत्र जोडावे. कायद्याने मुख्य अर्ज ६० दिवसांत आणि फार तर चार महिन्यांत निकाली काढावा असे म्हटले असले, तरी प्रत्यक्षात तो त्याहून बराच अधिक काळ चालतो; म्हणून खरी लढाई स्थगितीच्या सुनावणीला होते. तेथे माझा अनुभव असा आहे की न्यायाधिकरण बहुधा काही रक्कम भरण्याच्या अटीवर स्थगिती देते. ज्या दिवशी आपला वकील उभा राहील, त्या दिवशी ‘अशिलाने थकीत हप्त्यांइतकी रक्कम आणली आहे आणि उरलेली अमुक महिन्यांत भरण्याची तयारी आहे’ असे तो सांगू शकला, तर त्याचा परिणाम कोणत्याही कायदेशीर युक्तिवादाइतकाच होतो. बँकेची पावले बेकायदा ठरल्यास ताबा परत देण्याचा आदेश कलम १७ खाली आणि नुकसानभरपाई व खर्च कलम १९ खाली मिळू शकतो. अर्ज फेटाळला गेल्यास मुंबईच्या अपिली न्यायाधिकरणाकडे ३० दिवसांत जाता येते. तेथे मात्र कर्जदाराला देय रकमेच्या ५० टक्के, आणि न्यायाधिकरणाने सवलत दिल्यास किमान २५ टक्के, रक्कम आधी भरावी लागते. मध्यमवर्गीय कुटुंबाला हे बहुधा झेपत नाही, आणि म्हणूनच पहिला अर्ज घाईत, छापील मसुद्यावर नावे बदलून दाखल करणाऱ्यांपासून मी सर्वांना कळकळीने सावध करतो.

यानंतरची सर्वांत महत्त्वाची तारीख म्हणजे लिलावाची जाहिरात. पूर्वी विक्री पूर्ण होईपर्यंत संपूर्ण रक्कम भरून घर सोडवण्याचा हक्क कर्जदाराला होता. २०१६ च्या दुरुस्तीनंतर कलम १३(८) नुसार लिलावाची सूचना प्रसिद्ध होण्याआधीच ती रक्कम भरावी लागते. सेलिर विरुद्ध बाफना मोटर्स (मुंबई) या प्रकरणात लिलावातील बोली १०५.०५ कोटी रुपयांची होती; कर्जदाराने नंतर १२९ कोटी रुपये देऊ केले आणि उच्च न्यायालयाने ते मान्य केले, तरी सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लिलाव घेणाऱ्याच्याच बाजूने निर्णय दिला. अधिक पैसे हातात असूनही कर्जदाराला मालमत्ता सोडवता आली नाही, हे ध्यानात घेऊन नातेवाइकांकडून, भविष्य निर्वाह निधीतून किंवा दुसऱ्या बँकेकडे कर्ज वळवून जे काही उभे करायचे असेल ते जाहिरातीपूर्वीच करावे. घर राखणे शक्यच नसेल, तर बँकेच्या लेखी संमतीने ते स्वतः विकावे. मागणी नोटिशीनंतर संमतीशिवाय विक्री किंवा भाडेपट्टा करण्यास कलम १३(१३) ची मनाई आहे, परंतु संमती मागितल्यास अनेक बँका ती देतात आणि लिलावापेक्षा चांगला भाव मिळतो. लिलाव झालाच, तर राखीव किंमत बाजारभावापेक्षा फार खाली ठरवली आहे का, मूल्यांकन किती जुने आहे, नोटीस आणि विक्री यांत ३० दिवसांचे अंतर होते का, हे तपासून त्या पावलालाही स्वतंत्र आव्हान देता येते. देणे वसूल होऊन उरलेली रक्कम बँकेने आपल्याला परत केली पाहिजे, आणि ती न मागितल्यामुळे पडून राहिल्याचीही उदाहरणे आहेत.

प्रत्यक्ष ताब्याची भीती कुटुंबाला सर्वांत जास्त असते, ते स्वाभाविक आहे. घरात माणसे राहत असताना आणि ती बाहेर पडण्यास तयार नसताना बँकेच्या माणसांनी किंवा वसुली एजंटांनी कुलूप तोडणे, सामान बाहेर काढणे, वीज तोडणे यांपैकी काहीही कायदेशीर नाही. त्यासाठी बँकेला कलम १४ खाली जिल्हाधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यांकडे नऊ मुद्द्यांचे शपथपत्र देऊन आदेश घ्यावा लागतो, आणि मग तहसील कार्यालयातील अधिकारी किंवा नेमलेला कमिशनर पोलीस बंदोबस्तात येतो. तेथे वाद घालून उपयोग नसतो, कारण हा टप्पा निवाड्याचा नाही. कलम १४ च्या आदेशालाही कलम १७ खालीच आव्हान द्यावे. शपथपत्रात हरकतीला उत्तर दिल्याचे खोटे लिहिले असेल, तर त्याची प्रत मिळवणे आपल्या प्रकरणात फार उपयोगी पडेल. एजंट सकाळी ८ पूर्वी किंवा संध्याकाळी ७ नंतर फोन करत असतील, शेजाऱ्यांपुढे अपमान करत असतील, तर त्याची तारीखवार नोंद ठेवून पोलिसांत आणि बँकेच्या तक्रार कक्षात लेखी तक्रार द्यावी. आणि कोणी मागील तारखेचा भाडेकरार करून ‘भाडेकरू’ उभा करण्याचा सल्ला दिला, तर तो ऐकू नये. महाराष्ट्रात भाडेकराराची नोंदणी सक्तीची असल्यामुळे असा कागद टिकत नाही आणि आपल्या खऱ्या मुद्द्यांचीही विश्वासार्हता जाते.

उच्च न्यायालयात थेट रिट याचिका करावी का, असे प्रत्येक जण विचारतो. पर्यायी उपाय असताना उच्च न्यायालयाने अशा याचिका घेऊ नयेत असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० पासून वारंवार सांगितले आहे. न्यायाधिकरणात पीठासीन अधिकारीच नाहीत आणि ताबा दोन दिवसांवर आला आहे, अशा परिस्थितीत मात्र तो मार्ग उघडतो. दिवाणी न्यायालयाला कलम ३४ ने मज्जाव आहे. मालकीहक्काचाच वाद असेल, उदाहरणार्थ भावाने बहिणीचा हिस्सा परस्पर गहाण टाकला असेल, तर दिवाणी दावा चालू शकतो, हे २०२५ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने स्पष्ट झाले आहे. सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून खोटी सही झाली असेल, तर पोलीस तक्रार करावीच, पण ४५ दिवसांचा अर्ज त्यामुळे टळत नाही. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे आणि गृहवित्त कंपनी असल्यास राष्ट्रीय आवास बँकेकडे आकारणी, वागणूक, कागदपत्रे यांबाबत तक्रार होऊ शकते. ताबा थांबवण्याचे ते ठिकाण नाही.

कर्ज सहकारी बँकेचे असेल तरी हेच सर्व लागू होते. कोल्हापूर जिल्ह्यातील मुरगूडच्या सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ५ मे २०२० रोजी तसा निकाल दिला. पतसंस्था मात्र बँक नाही. ती महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली वसुली दाखला घेऊन जप्ती करते, आणि त्याविरुद्ध कलम १५४ खाली पुनरीक्षण अर्ज करताना निम्मी रक्कम भरावी लागते. म्हणून दाखल्याच्या सुनावणीची पहिली नोटीस येताच हजर होऊन लेखी म्हणणे देणे अत्यावश्यक आहे. ज्यांनी घर घेतल्यावर बिल्डरने तोच प्रकल्प वित्तसंस्थेकडे गहाण टाकला, अशांची स्थिती निराळी आणि पुष्कळ बळकट आहे: करारानंतरच्या गहाणामुळे सदनिकाधारकाचा हक्क बाधित होत नाही असे रेरा, म्हणजे स्थावर संपदा, कायद्याचे कलम ११(४)(ह) सांगते, आणि त्यांनी राज्याच्या स्थावर संपदा प्राधिकरणाकडे, म्हणजे महारेराकडे, तक्रार करावी.

आपल्यापुरते बोलायचे तर या आठवड्यात पुढील कागद एकत्र करावेत: मंजुरीपत्र, कर्जकरार, पहिल्या दिवसापासूनचा खातेउतारा, हप्ते ज्या खात्यातून गेले त्याचे पासबुक, मागणी नोटीस पाकिटासह, पत्ता बदलल्याचा कोणताही पुरावा, तो ईमेल त्याच्या तारीख-वेळेसह, आणि दारावरील नोटिशीचे छायाचित्र. बँकेने खातेउतारा देण्यास टाळाटाळ केली तर लेखी मागणी करून पोच घ्यावी. एक एकरकमी तडजोडीचा, म्हणजे ठरावीक कमी रकमेत कर्ज मिटवण्याचा, प्रस्तावही याच वेळी द्यावा, रकमेसह आणि तारखांसह. ती सवलत हक्क म्हणून मागता येत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितले आहे, आणि बँकेने तोंडी होकार दिला तरी मंजुरीपत्र हाती येईपर्यंत तो होकार धरू नये. पुढचा सोमवार उजाडण्यापूर्वी न्यायाधिकरणात नियमित काम करणाऱ्या वकिलांकडे हे कागद पोचवावेत, म्हणजे त्यांना हिशेब तपासून अर्ज नीट लिहिण्यासाठी किमान दोन आठवडे मिळतील.